नवी बॅटरीही उतरते : अल्टरनेटर बदलण्यापूर्वी काय मोजावे?

कुंभार्ली_घाट (चिपळूण) – प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दहा वर्षांहून अधिक जुनी डिझेल गाडी आहे आणि ती बहुतेक वेळा चिपळूण ते कराड याच रस्त्यावर धावते. पावसाळ्याच्या तोंडावर जुनी बॅटरी सकाळी सेल्फ उचलेना, म्हणून ६० अँपिअर-तासांची नवी बॅटरी बसवून घेतली. पाऊस सरतो न सरतो तोच नव्या बॅटरीनेही तोच प्रकार सुरू केला आहे. गाडी एक रात्र उभी राहिली की सेल्फ जड फिरतो आणि दोन रात्री उभी राहिली तर शेजारच्या गाडीला जंपर केबल लावावी लागते.

दुसरे लक्षण असे की रात्री हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकाच वेळी चालू असले, तर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद पेटतो. तो इतका मंद असतो की दिवसा दिसतही नाही आणि ब्लोअर बंद केला की विझतो. थंड इंजिन सुरू करताना बेल्ट क्षणभर किंचाळतो, नंतर गप्प होतो.

एका गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढून पाहू असे सुचवले गेले, ते मी करू दिले नाही. दुसरीकडे काहीही न मोजता ‘अल्टरनेटर गेला, पूर्ण नवा घाला’ असे सांगण्यात आले. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे यंत्र; तो खर्च लहान नाही, म्हणून आधी खात्री करून घ्यावी असे वाटते. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. कोणत्या क्रमाने काय मोजावे आणि कोणत्या आकड्यावरून अल्टरनेटर खरोखर दोषी समजावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वायरिंगवाले (सांगली) – उत्तर

टर्मिनल काढू दिला नाहीत हे अतिशय योग्य केलेत. ती तपासणी जुन्या डीसी डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटर भरपूर प्रवाह देत असताना बॅटरी एकाएकी तोडली, तर फील्डमधली (आतल्या फिरत्या चुंबकी गुंडाळीतली) चुंबकशक्ती तत्काळ उतरत नाही आणि काही क्षणांसाठी लाइनवरचा व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतो. त्या एका झटक्यात डायोड, कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) आणि इंजिनाचा ईसीयू (संगणक) यांपैकी काहीही जाऊ शकते. म्हणजे अल्टरनेटर चांगला असला, तरी ही तपासणीच त्याला बिघडवू शकते.

आता क्रम. पहिले मोजमाप बॅटरीचेच घ्यावे, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, किल्ली न लावता, मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टोके टेकवावीत, क्लॅम्पवर नव्हे. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यानंतर कोणीतरी सेल्फ मारत असताना आकडा पाहावा. भरलेली बॅटरी असूनही तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीवरच संशय घ्यावा.

आकडा १२.४ पेक्षा कमी आला, तर पुढे जाण्यापूर्वी बाहेरच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. आपल्या बॅटरीला सहा अँपिअरच्या आसपासचा चार्जर पुरेसा आहे. अल्टरनेटरचे काम बॅटरी भरलेली ठेवणे आणि गाडीचा भार वाहणे हे आहे. पार उतरलेली बॅटरी सतत त्याच्याकडूनच भरून घेतली, तर तो दीर्घकाळ पूर्ण ताकदीने चालतो, तापतो आणि त्यातले डायोड लवकर जातात. कित्येक ठिकाणी ‘गाडी तासभर फिरवा, बॅटरी भरेल’ असे सांगितले जाते, मला तो सल्ला मुळीच पटत नाही.

दुसरे मोजमाप इंजिन चालू असतानाचे. इंजिन सुमारे दीड हजार फेऱ्यांवर ठेवून, आधी सगळा भार बंद आणि मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर, मागच्या काचेचा हीटर असे सगळे चालू करून बॅटरीवरचा व्होल्टेज पाहावा. भार नसताना १३.८ ते १४.६ आणि पूर्ण भारावर १३.५ च्या वर आकडा असेल, तर चार्जिंग ठीक आहे. येथे एक सावधगिरी हवी. बहुतेक कटआऊट स्वतः तापले की व्होल्टेज मुद्दाम थोडा उतरवतात, त्यामुळे मे महिन्यात लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीत १३.६ दिसले तर तो बिघाड नव्हे. आकडा १५ च्या वर जात असेल, बॅटरीचे पाणी लवकर आटत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मात्र कटआऊट निकामी झाला आहे आणि तशी गाडी चालवत राहू नये.

तिसरे मोजमाप बहुतेक जण करतच नाहीत, आणि आपल्या लक्षणांवरून मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. पूर्ण भार चालू ठेवून मल्टीमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बी-टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर ठेवावे. तारेत हरवणारा व्होल्टेज थेट दिसेल. तो ०.३ पेक्षा जास्त नसावा. मग एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवून अर्थच्या बाजूची घट मोजावी. ती ०.२ च्या आत हवी. हे करताना बी-टर्मिनल सदैव जिवंत असतो हे विसरू नये, कारण तो सरळ बॅटरीला जोडलेला असतो. टोक निसटून बी-टर्मिनल आणि बॉडी एकत्र आली, तर ते बॅटरीचे थेट शॉर्टसर्किट आहे. पाना लावायची वेळ आलीच, तर इंजिन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढावा. सैल बाह्या आणि लोंबणारी तार बेल्टपासून दूर ठेवावी.

चौथे, मल्टीमीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर तरंग पाहावा. अल्टरनेटर आतून तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि डायोड प्लेट तिचे डीसीत रूपांतर करते. डायोड चांगले असतील तर एसीचा आकडा ०.१ च्या आसपास किंवा कमी राहतो. तो ०.५ च्या पुढे गेला, तर एखादा डायोड गेला असे समजावे. काही स्वस्त मीटर एसीच्या पट्ट्यावर डीसीही मोजतात आणि २५-३० असा विचित्र आकडा दाखवतात. तसे झाल्यास दुसरा मीटर वापरावा.

चारही आकडे येथे लिहावेत, मग पुढे बोलू.

डिझेल_आणि_धूळ (कोल्हापूर) – उत्तर

वरच्या उत्तराला माझे पूर्ण अनुमोदन आहे. फक्त बेल्ट आणि यांत्रिक बाजूबद्दल थोडे जोडतो, कारण आपण बेल्टच्या किंचाळण्याचा उल्लेख केला आहे.

आजचे अनेक खाचांचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि ते जुन्या बेल्टसारखे तडे देत नाहीत. खाचा झिजून उथळ होतात, बेल्ट वरून नवा दिसतो आणि तरी पुलीवर घसरतो. म्हणून केवळ तडे नाहीत यावर समाधान मानू नये. खाचेची खोली नव्या बेल्टशी शेजारी धरून पाहावी. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारी आणि वळवणारी चाके) हाताने फिरवून पाहावेत, खरखर जाणवली तर तेही बदलावेत. काही डिझेल इंजिनांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती अडकली की बेल्ट थरथरतो आणि सुटली की चार्जिंग मधूनमधून जाते. त्या पुलीत खराबी असताना संपूर्ण अल्टरनेटर बदलला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

बेअरिंगचा आवाज ओळखण्यासाठी बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवावी. ती गुळगुळीत, बिनआवाजी फिरली पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये.

आपली गाडी डिझेल आहे म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. आपल्याकडच्या जुन्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच शाफ्टवर, मागच्या बाजूला बसवलेला असतो. त्याला इंजिनातून ऑइलची नळी येते. पंपाचे ऑइल सील झिजले, की ऑइल हळूहळू अल्टरनेटरमध्ये शिरते, कार्बन (घासून प्रवाह देणारे ब्रश) आणि ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग तेलकट होतात, त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो आणि चार्जिंग कधी येते, कधी जाते. अशा वेळी कार्बन बदलून उपयोग नसतो. सील न बदलता घातलेले नवे कार्बनही पुन्हा त्याच वाटेने जातात. शिवाय या रचनेत बेल्ट तुटला, तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते, पेडल दगडासारखे कडक होते. कुंभार्लीसारख्या घाटात उतारावर हे घडणे किती गंभीर आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून अशा गाडीत बेल्टबाबत चालढकल अजिबात करू नये.

दुरुस्ती की नवा, या प्रश्नावर माझे मत असे आहे. कार्बन, कटआऊट, डायोड प्लेट आणि बेअरिंग हे भाग सुटे मिळतात आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसवून घेता येतात. रोटरच्या (फिरत्या भागाच्या) दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण दोन ते पाच ओहम दिसत असतील आणि रिंग व शाफ्ट यांच्यात काहीच जोड दिसत नसेल, तर रोटर ठीक आहे. परंतु स्टेटरचे (स्थिर भागाचे) वायंडिंग जळून काळे पडले असेल, तर स्थानिक रिवाइंडिंगवर माझा विश्वास नाही. तारेची जाडी आणि वार्निश मूळच्या दर्जाचे क्वचितच मिळते. तेव्हा नवा किंवा कंपनीनेच पुनर्निर्मित केलेला घ्यावा.

कुंभार्ली_घाट – मोजमापे

दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.२ होती. सांगितल्याप्रमाणे ती बाहेरच्या चार्जरने भरली, तेव्हा दुसऱ्या सकाळी १२.६ मिळाले आणि सेल्फ मारताना आकडा १०.६ च्या खाली गेला नाही. इंजिन दीड हजारांवर, भार नसताना बॅटरीवर १३.९ आणि पूर्ण भारावर १२.९ आले. त्याच वेळी अल्टरनेटरच्या बी-टर्मिनलपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३ मिळाले. पॉझिटिव्ह बाजूची घट १.१ आणि अर्थच्या बाजूची ०.३ आली. एसीचा आकडा ०.०६ आहे. अल्टरनेटरवर ऑइल दिसत नाही. बेल्टच्या खाचा मात्र झिजल्या आहेत, तो बदलायला दिला आहे.

वायरिंगवाले (सांगली) – उत्तर

आपण मोजमापे अत्यंत नीट घेतली आहेत, कारण त्यांची बेरीज जुळते. अल्टरनेटरने १४.३ दिले, त्यातले १.१ पॉझिटिव्ह तारेत आणि ०.३ अर्थमध्ये गेले, उरलेले १२.९ बॅटरीला मिळाले. म्हणजे आपला अल्टरनेटर उत्तम काम करतो आहे आणि डायोडही शाबूत आहेत. त्याची वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच दोष आहे. नवा अल्टरनेटर बसवला असता तरी आकडा हाच राहिला असता.

कटआऊट हे का सावरून घेत नाही, असे कोणी विचारील. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये कटआऊट स्वतःच्याच टर्मिनलवरचा व्होल्टेज पाहून फील्ड कमीजास्त करतो. तेथे १४.३ असल्यामुळे त्याच्या दृष्टीने सारे व्यवस्थित असते, आणि पलीकडे बॅटरी उपाशी राहते हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

मंद पेटणाऱ्या लाल दिव्याचा उलगडाही यातूनच होतो. पारंपरिक जोडणीत त्या दिव्याच्या एका टोकाला किल्लीतून आलेला बॅटरीचा व्होल्टेज असतो आणि दुसरे टोक अल्टरनेटरच्या एल-टर्मिनलला जाते. दोन्हीकडे सारखा व्होल्टेज असला की दिवा विझलेला राहतो. आपल्याकडे एका बाजूला १४ च्या वर आणि दुसऱ्या बाजूला १३ च्या आत, म्हणून मधल्या फरकावर फिलामेंट जेमतेम लाल होते. असाच मंद दिवा डायोड गेल्यावरही पेटतो आणि बहुतेक चुकीचे निदान तेथेच होते. आपला एसीचा आकडा ०.०६ असल्याने ती शक्यता मिटली.

पूर्ण भारावर तारेतून ५५ अँपिअर वाहत असतील असे धरले, तर १.१ व्होल्टची घट म्हणजे अवघ्या ०.०२ ओहमचा अडथळा. एवढा अडथळा साध्या मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर दिसतच नाही, कंटिन्युइटीचा बझर तर खुशाल वाजतो. म्हणूनच ‘तार तपासली, ठीक आहे’ या वाक्यावर विसंबू नये. जाड तार नेहमी प्रवाह वाहत असतानाच, व्होल्टची घट पाहून तपासावी. त्या ०.०२ ओहममध्ये सुमारे ६० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब त्या जोडाच्या पोटात पेटलेला आहे असे समजा. जोड तापतो, तापल्याने आणखी गंजतो, आणि गंजल्याने आणखी तापतो.

आता जागा शोधायची. भार चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर स्थिर ठेवावे आणि दुसरे टोक एकेक टप्पा पुढे न्यावे : क्लॅम्प, क्लॅम्पवरच्या पेटीतला नटबोल्टने बसवलेला मोठा फ्यूज, त्या फ्यूजची दुसरी बाजू, तारेचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), आणि शेवटी बी-टर्मिनल. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम उडी घेईल, तेथेच दोष आहे. थिंबलच्या आत तार हिरवी पडलेली असू शकते, म्हणून थिंबलच्या धातूवर आणि तारेच्या तांब्यावर वेगवेगळे मोजावे. अर्थचा ०.३ ही थोडा जास्त आहे. इंजिनापासून चॅसीपर्यंतची विणलेली अर्थिंग पट्टी काढून दोन्ही टोके चकचकीत घासावीत. खाऱ्या, दमट हवेत त्या पट्टीचे धागे आतून तुटत जातात आणि वरून ती धडधाकट दिसते.

कुंभार्ली_घाट – उत्तर

जागा सापडली. बॅटरीवरच्या पेटीतल्या मोठ्या फ्यूजच्या एका नटाखाली जवळजवळ एक व्होल्टची घट होती. नट हाताने फिरत होता, वॉशर निळसर पडला होता आणि भोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळू लागले होते. नवी बॅटरी बसवताना ही पेटी काढून पुन्हा लावावी लागते, त्यामुळे तो नट तेव्हाच सैल राहिला असावा.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजची पट्टी आणि थिंबल नवे घालून घेतले, अर्थिंग पट्टी बदलली, बेल्टही नवा बसवला. आता पूर्ण भारावर अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.९५ मिळतात. लाल दिवा पूर्ण विझला आहे आणि सेल्फ पहिल्यासारखा झटक्यात लागतो. फक्त एक शंका उरते. जुनी बॅटरी या दोषाआधीच उतरत होती. मग गाडी उभी असताना आणखी कोठे वीज जात असेल का?

वायरिंगवाले (सांगली) – उत्तर

जुनी बॅटरी वयानेच संपली असण्याची शक्यता अधिक आहे, पण तपासणी सोपी आहे, करून घ्यावी. सर्व दारे आणि बॉनेटचे कुलूप बंद झाल्याचा आभास गाडीला होईल असे करून, निगेटिव्ह तार आणि खुंट यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर जोडावा आणि अर्धा तास थांबावे, कारण गाडीतले छोटे संगणक झोपी जायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, मीटरचा फ्यूज उडेल. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी आकडा असेल, तर चिंता नाही. जास्त असेल, तर फ्यूज एकेक करून काढत पाहावे. कोणताही फ्यूज काढून फरक पडत नसेल, तर अल्टरनेटरच्या बॉडीला हात लावावा. तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीत तो कोमट लागला, तर एखादा डायोड उलट दिशेने गळतो आहे.

बसवलेला नवा नट महिनाभराने एकदा पुन्हा तपासावा. नवे थिंबल तापून-थंडावून किंचित बसते आणि आवळणी सैल पडते.

मुळा_मुठा (पुणे) – उपप्रश्न

हा धागा वाचून मीही माझ्या गाडीवर मोजमाप केले. गाडी २०२१ ची पेट्रोल, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी. सुरुवातीला १४.४ होते, नंतर गाडी चालती असताना ते १२.७ पर्यंत उतरले आणि ब्रेक लावला की १४.८ वर गेले. बॅटरीचा दिवा लागत नाही. हा कटआऊटचा दोष समजावा का?

डिझेल_आणि_धूळ (कोल्हापूर) – उत्तर

नाही, आपली गाडी ठीक आहे. अशा गाड्यांत किती व्होल्टेज द्यायचा हे इंजिनाचा संगणक ठरवतो. वेग घेताना इंजिनावरचा भार कमी करण्यासाठी तो अल्टरनेटरला जवळजवळ विश्रांती देतो आणि वेग कमी होताना, म्हणजे इंधन न जाळता चाकेच इंजिन फिरवत असताना, जोराने बॅटरी भरून घेतो. त्यामुळे वर दिलेला १३.८ ते १४.६ चा नियम येथे जसाच्या तसा लावता येत नाही. बहुतेक अशा गाड्यांत हेडलाइट आणि वायपर लावल्यावर संगणक ही बचत थांबवतो आणि व्होल्टेज स्थिर होतो, म्हणून मोजमाप त्या स्थितीत घ्यावे. तारेतली घट आणि एसीचा तरंग या दोन्ही तपासण्या मात्र आपल्या गाडीलाही तशाच लागू आहेत.

आपल्या निगेटिव्ह खुंटावर एक चौकोनी सेन्सर दिसत असेल, तर जंपर केबल किंवा चार्जरची निगेटिव्ह चिमटी खुंटावर न लावता बॉडीच्या धातूवर लावावी. थेट खुंटावर लावली तर तो प्रवाह सेन्सरच्या मोजणीतून निसटतो आणि बॅटरी किती भरली आहे याचा संगणकाचा अंदाज चुकतो. बॅटरी बदलायची वेळ येईल, तेव्हा ती मूळच्याच प्रकारची, म्हणजे ईएफबीला ईएफबी आणि एजीएमला एजीएम (हे अशा गाड्यांतल्या बॅटरीचे दोन प्रकार) अशीच घ्यावी, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये नव्या बॅटरीची संगणकात नोंद करण्याची पायरी दिली असेल तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच ती बसवून घ्यावी.